खेळण्यांसह फोटो

फोटोतलं झबलं पिवळं होतं. सकाळी तिनं आठ महिन्यांच्या ढबूला निळं घातलं होतं. निळं, ज्याच्या गळ्याचं बटण तिनं दोनदा ओढून पाहिलं होतं, कारण सैल बटण म्हणजे गिळलेलं बटण, आणि त्याच्या पुढचं सगळं तिच्या डोक्यात एका दमात धावून जायचं, थेट दवाखान्याच्या दारापर्यंत. म्हणजे हा फोटो आजचा नव्हता. पावणेअकरा वाजले होते. ऑफिसात शेजारच्या टेबलावर कुणीतरी कपावर बशी ठेवली, तेवढ्यानंही ती दचकली. फोटोत ढबू हसत होती, खालचे दोन दात दिसत होते, मागं काकूंचा हिरवा पडदा होता, सगळं जिथल्या तिथं; नुसता दिवस चुकीचा. फोन घेऊन ती जिन्याकडे गेली. काकू तिच्या घराच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या आणि चार मुलं सांभाळायच्या. बाळंतपणाची रजा संपून ती कामावर परतली त्याला आज तेरावा दिवस होता आणि पहिल्या दिवशीच ठरलं होतं, दर दोन तासांनी एक फोटो. "बरं बाई," असं म्हणताना काकूंनी तिच्या नवऱ्याकडे कसं पाहिलं, तेही तिनं टिपलं होतं. ती सगळंच टिपायची.

"काकू, हा फोटो कालचा आहे."

"कशावरून म्हणतेस?"

"झबलं पिवळं आहे. आज मी निळं घातलंय."

काकू मोठ्यानं हसल्या, मग स्वतःच आवाज दाबला. "अगं, तू पोलिसात का नाही गेलीस? झोपलीय तुझी लेक. झोपलेल्या पोरीला गदागदा हलवून फोटो काढू का? कालचीही तीच होती, आजचीही तीच आहे."

"मग झोपलेलीचा पाठवायचा."

"अंधार केलाय खोलीत. अंधाराचा फोटो पाठवू?"

"फोन तिच्याजवळ ठेवा ना. दोनच मिनिटं. काही बोलू नका."

काकूंनी सुस्कारा टाकला, पण ठेवला. आधी पंख्याची घरघर, मग चादरीची सळसळ, आणि मग तो श्वास. सर्दीनं चोंदलेल्या उजव्या नाकपुडीतून दर तिसऱ्या श्वासाला येणारी बारीक शिट्टी. ही शिट्टी कुणाला पाठवता आली नसती, कालची काढून ठेवता आली नसती. जिन्याच्या थंड कठड्याला टेकून ती ऐकत राहिली आणि तिच्या छातीत ती ओळखीची कळ आली, मुंग्यांची, आधी उजवीकडे, मग डावीकडे. पान्हा. तिला विचारत नसे तो. शेजारच्या घरात मूल रडलं तरी यायचा, टीव्हीवरचं रडलं तरी यायचा. तिनं कोपर छातीशी दाबून धरलं. दूध टिपायला आत ठेवलेल्या कापडी घड्यांची दुसरी जोडी पिशवीत नव्हती. ती पलंगावर राहिली होती, ते तिला आत्ता, या क्षणी आठवलं.

टेबलाशी परतली तेव्हा फाइल उघडीच होती. तिची कंपनी लहान मुलांचे कपडे विकायची. शिवायचे दुसरे, दूरदूरच्या गावांतले कारखाने, आणि त्या कारखान्यांत माणसांना माणसासारखं वागवतात की नाही हे पाहणारा जो विभाग होता, त्यात ती बसायची. पाहणारा म्हणजे कागद पाहणारा. कारखाने फोटो पाठवायचे, ती ते तपासायची, कमी-जास्त कळवायची, मंजूर करायची. इतके दिवस हे सगळं हौसेचं काम होतं, कंपनीच्या माहितीपत्रकात हसऱ्या बायांचे फोटो छापण्यापुरतं. यंदा कायदा आला. जिथून माल घेता तिथल्या कामगारांच्या हक्कांना तुम्हीही जबाबदार, असं तो सांगत होता. आणि पहिलं निवेदन आज संध्याकाळी पाचपर्यंत सरकारकडे पोचायला हवं होतं. समोरच्या टेबलावरचे वकील, कंपनीत सगळे त्यांना नुसतं वकीलच म्हणत, दिवसभर खोकल्याच्या गोळ्या चघळत ते निवेदन वाचत होते. "पूर्वी कानावर हात ठेवले की सुटायचो आपण," ते सकाळीच म्हणाले होते, "आता ते आधी विचारणार, हात कुठं होते?" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकले होते. निवेदनात प्रत्येक मुद्द्यापुढं तीन रकाने होते: आहे की नाही, पुरावा काय, तपासणाऱ्याची सही. तिच्या वाट्याला आलेल्या कारखान्याचे एकवीस मुद्दे झाले होते. बाविसावा राहिला होता. पाळणाघर. पुरावा: फोटो क्रमांक सात.

फोटो क्रमांक सात तिच्या ओळखीचा होता. गेल्या वर्षी तिनंच मंजूर केला होता, ढबू पोटात होती तेव्हा, सातव्या महिन्यात. तीन पाळणे, फिक्या पिवळ्या चादरी, एक बुटकं फडताळ, फडताळावर रबराचा हत्ती, लाकडी ठोकळे, कापडी बदक. भिंतीवर ढगांचं चित्र. सुंदर खोली. इतकी सुंदर की त्या दिवशी तिनं ती घरी नवऱ्याला दाखवली होती. "बघ, कारखान्यातल्या बायकांनासुद्धा असं मिळतं आता," ती म्हणाली होती, आणि आवाजात थोडा अभिमान होता, जणू ती खोली तिनं स्वतःच्या हातांनी सारवून, पुसून लावली होती. नवऱ्यानं फडताळ निरखून पाहिलं होतं. "आपणही असंच करू या. मापं सोपी आहेत." आणि त्यानं दोन रविवार घालवून केलं होतं. त्याच फडताळाला धरून ढबू हल्ली उभी राहायला बघते. आज सकाळी ती त्याच फडताळामागून प्लगची वायर ओढत होती. तिनं झडप घालून ढबूला उचललं, वायर काढली, आणि मग कामाला उशीर होत असतानाही ती जमिनीवर पालथी झोपली होती. गाल फरशीला लावून, ढबूच्या डोळ्यांच्या उंचीवरून, घर पाहायला. नवरा दाढीचा फेस घेऊन दारात आला आणि म्हणाला, "काय हरवलंय?" काही हरवलं नव्हतं. पण तिथून घर वेगळंच होतं. सगळी टोकं खालच्या बाजूला होती. टेबलाच्या पायातला खिळा, सोफ्याखालची पिन, आणि भिंतीत एक वीत उंचीवर तीन काळी भोकं, अगदी बोटाच्या मापाची.

आणि आता फोटो क्रमांक सातमध्ये, मधल्या पाळण्याच्या पायाशी, भिंतीत एक वीत उंचीवर तीच तीन काळी भोकं होती. तिनं फोटो मोठा केला. त्यांच्या शेजारच्या प्लगातून एक जाड वायर निघून पाळण्याखाली गेली होती. इतकी जाड वायर दिव्याला लागत नाही, पंख्याला लागत नाही. तिनं आणखी मोठा केला. फरशीवर चार ठिकाणी चौकोनी डाग होते, आजूबाजूच्या फरशीपेक्षा उजळ, जिथं वर्षानुवर्षं काहीतरी जड उभं असतं आणि त्याच्याखाली धूळ-तेल पोचत नाही, तसे. ढगांच्या चित्राच्या वरच्या कडेला भिंत पिवळट पोपडली होती, वाफेनं पोपडते तशी. चादरींवर घड्यांच्या रेघा होत्या, आडव्या-उभ्या, पाकिटातून काढल्याच्या. आणि हत्ती. हत्तीची सोंड अख्खी होती. ढबूच्या घरातल्या एकाही रबरी जनावराचं एकही टोक अख्खं नव्हतं. कान चावलेले, शेपटी तुटलेली, सगळ्यांवर वाळलेल्या लाळेचा तो आंबूस वास. या हत्तीला कुणीही कधी तोंडात घातलं नव्हतं. त्या खोलीत कधी कुणी शिंकलं नव्हतं, ओकलं नव्हतं, उताणं पडून पाय झाडले नव्हते. ती इस्त्रीची खोली होती. फोटोपुरती टेबलं बाहेर काढली होती, आणि वायर काढायचं तेवढं राहून गेलं होतं.

एवढ्यावरच थांबलं असतं तर कारखान्याला दोष देऊन मोकळी झाली असती ती. पण फाइलमध्ये फोटोच्या मागं पत्र जोडलेलं होतं, तिचंच. तिनं ते उघडलं आणि पहिल्या ओळीलाच कानशिलं तापली. त्याच कारखान्यानं आधी एक फोटो पाठवला होता, फोटो क्रमांक सहा. एक उघडी खोली, तीन रिकामे पाळणे, बाकी काही नाही. आणि तिनं लिहिलं होतं: 'पाळणे दिसत आहेत, परंतु खेळणी दिसत नाहीत. कृपया खेळण्यांसह फोटो पाठवावा. चादरी फिक्या रंगाच्या व स्वच्छ असाव्यात. मुलांच्या हाताला येईल असे बुटके फडताळ असल्यास तेही दिसावे. भिंतीवर एखादे चित्र असल्यास उत्तम.' चार दिवसांत उत्तर आलं होतं. फिक्या चादरी, बुटकं फडताळ, चित्र. शब्दाला शब्द. सातव्या महिन्यात, पाय सुजलेले असताना, रात्रंदिवस डोक्यात बाळाची खोली मांडत असताना तिनं ती तिकडे कळवली होती आणि त्यांनी ती जशीच्या तशी उभी केली होती, एका फोटोपुरती. खोली तिचीच होती. नवऱ्यानं केलेलं फडताळसुद्धा तिच्याच पत्रातून निघून, कुठल्याशा इस्त्रीच्या खोलीतून फिरून, घरी आलं होतं. आणि त्या पत्रात तिनं काय लिहिलं नव्हतं ते तिला आता दिसलं, एवढं ढळढळीत की बाकी अक्षरं पुसट वाटावीत. मुलं दिसत नाहीत, असं तिनं लिहिलं नव्हतं. ते खटकलंच नव्हतं. कारण कंपनीचा नियम होता, कामगारांच्या मुलांचे चेहरे फोटोत येऊ नयेत. म्हणून मुलं नसलेला पाळणाघराचा फोटो हा नियमात बसणारा, नीट काढलेला फोटो होता.

एक वाजता ती दूध काढायला गेली. मजल्याच्या टोकाला एक खोली होती, दारावर पितळी पाटी: मातांसाठी. आत कागदाचे खोके छतापर्यंत रचलेले, दोन मोडक्या खुर्च्या, आणि कडी नसलेलं दार. ती रोज खोक्यावर बसून एका पायानं दार दाबून धरायची आणि हातातलं यंत्र घरघरायला लागलं की खोकायची, आवाज झाकायला. तेरा दिवसांत तिनं याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कंपनीच्या स्वतःच्या पानावर, त्याच निवेदनात, मातांच्या खोलीपुढं 'आहे' लिहिलं होतं, आणि पाटीचा फोटो जोडला होता. तिला हसू आलं, मग ते अर्ध्यावर अडकलं. पायानं दार दाबून ती बसली आणि विचार करत राहिली की तिकडच्या बाया कुठं बसत असतील, कशानं दार दाबत असतील. आणि त्यांची मुलं कुठं असतील? पाळण्यात नाहीत, हे तर झालं. मग कुठं? डोकं तिला नको तिथं नेऊ लागलं; कुलूप लावलेली खोली, सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवरचं मूल, एक वीत उंचीवरची तीन भोकं. बाटलीत दूध थेंब थेंब पडत होतं. आज कमी आलं.

परतताना ती वकिलांच्या टेबलाशी थांबली. "एक विचारू? समजा एखादी गोष्ट 'नाही' निघाली. तर कारखाना तोडावा लागतो का?"

"कोण म्हणतं?" वकिलांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "तोडून पळायला कायदा कशाला हवा? ते तर आधीही जमायचं. कायदा म्हणतो, शोधा, थांबवा, दुरुस्त करा. आणि बघा, पायऱ्या आहेत. नुकसान तुम्ही स्वतः केलंत, की त्याला हातभार लावलात, की नुसता धंद्याचा संबंध. जशी पायरी तशी जबाबदारी."

"आणि हातभार पत्रानं लागतो?"

वकिलांचं चघळणं थांबलं. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कसलं पत्र?"

"काही नाही," ती म्हणाली.

दोन वाजता तिनं कारखान्याच्या मॅनेजरला फोन लावला. आवाज साधा ठेवला. त्याचा आवाज नेहमीसारखा तुपात घोळलेला. "बोला मॅडम! सकाळपासून म्हणतोय, आमच्यावर राग आहे की काय मॅडमचा."

"पाळणाघराबद्दल होतं. मुलांचे लंगोट कुठं वाळत घालता?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग हसू. "मॅडम, आम्ही झबली शिवतो, धोबीघाट नाही चालवत!"

"पाच-सहा मुलं असतील तर दिवसाला तीसेक लंगोट होतात. ते कुठंतरी वाळतच असतील ना?"

"हो हो, आहे ना. सोय आहे. पाठवतो फोटो." आणि तिला काही म्हणायच्या आत फोन ठेवला.

पंचवीस मिनिटांत फोटो आला. उन्हात बांधलेली दोरी, दोरीवर लंगोट ओळीनं, चिमटे लावून. मोजले तर तीस. बरोबर तीस. प्रत्येकाला मधोमध कडक घडी, एकाही लंगोटावर एकही पिवळा डाग नाही, आणि डावीकडून चौथ्याच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या दोऱ्यानं लटकणारी छोटी चिठ्ठी, दुकानात असते ती. तिनं पुन्हा तेच केलं होतं. तिनं विचारायचं आणि त्यांनी शिकायचं. तिच्या प्रत्येक प्रश्नाबरोबर ती खोली आणखी खरी दिसत जाणार होती. उद्या तिनं लाळेबद्दल विचारलं तर ते हत्तीवर चावे उमटवून पाठवतील.

साडेतीनला विभागाच्या प्रमुख बाईंनी आत बोलावलं. बाईंच्या खोलीत नेहमी लिंबाच्या साबणाचा वास असायचा. "काय गं, एक ओळ राहिलीय म्हणे तुझी? आणि अशी का दिसतेस, झोप होत नाही ना? माझा धाकटा तर तीन वर्षं झोपला नव्हता."

"बाई, पाळणाघर नाहीये तिथं. इस्त्रीची खोली आहे."

"तू पाहिलंस?"

"फोटोत दिसतं."

"याच फोटोत तुला गेल्या वर्षी पाळणाघर दिसलं होतं." बाई रागावून बोलल्या नाहीत, तेच वाईट होतं. "मंजुरीवर सही तुझी आहे, माझी नाही. हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगते. आज 'नाही' लिहिलंस तर वरचे लोक घाबरून तो कारखानाच सोडतील. तीनशे बाया घरी बसतील. मग कुठल्या पाळण्यात घालशील त्यांची मुलं?"

"वकील म्हणाले, तोडा असं कायदा म्हणत नाही. दुरुस्त करा म्हणतो."

"वकिलांना काय जातंय बोलायला!" बाईंनी टेबलावरचा एक कागद सरळ होता तो आणखी सरळ केला. "तुला कायम करण्याचा कागद इथं आहे. रजेवरून आलेल्या मुलीसाठी मी किती भांडलेय ते माझं मला माहीत. पाचला निवेदन जायचंय. दोन अक्षरं लिहायचीत. आ-हे. लिही आणि घरी जा, लेक वाट बघत असेल."

ती बाहेर आली. कायम होणं म्हणजे पगार, पगार म्हणजे काकू, काकू म्हणजे निळं झबलं आणि तो श्वास. हे सगळं एका दोरीत ओवलेलं होतं आणि दोरीचं टोक त्या रकान्यात होतं. आणि बाई म्हणाल्या तेही निव्वळ खोटं नव्हतं. तिला खरंच काय माहीत होतं? एक वायर, चार डाग, न चावलेला हत्ती. आईपणानं आलेला संशय. नवरा म्हणतो तसा, ढबूच्या प्रत्येक खोकल्यात न्यूमोनिया ऐकणारा. तिनं तिकडे एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं. काकूंचा फोटो खोटा होता, पण ढबू खरी होती, आत झोपलेली होती. कदाचित तिकडेही असं असेल. फोटो सजवलेला, पण मुलं खरी. असेल? काकूंच्या वेळी तिला कशानं कळलं? पाहून नाही. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

तिनं पुन्हा फोन लावला. यावेळी जिन्यातून.

"मॅडम! लंगोट आवडले का?"

"एक शेवटचं. फोटो नको. तुमचा फोन पाळणाघरात नेऊन ठेवा. दहा मिनिटं. कुणी काही बोलायचं नाही. मला नुसतं ऐकायचंय."

"ऐकायचंय?"

"हो."

मग तो म्हणाला, "ठेवतो की. त्यात काय. पाच मिनिटं द्या, वरच्या मजल्यावर आहे मी," आणि फोन चालूच ठेवला. चालण्याचा आवाज, दार, यंत्रांची एक प्रचंड एकसुरी थरथर, मग आणखी एक दार, थरथर दूर गेली. कुजबुज. मग काही नाही. तिनं फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखत होता. आणि मग मूल रडलं.

लहान होतं. चार-पाच महिन्यांचं, भुकेचं रडणं. आधी कुरकुर, मग चढत जाणारा हुंदका, मग श्वास कोंडतो ती भयाण पोकळी, आणि मग फुटलेला टाहो. तिच्या छातीत कळ आली. उजवीकडे, डावीकडे. कोपर दाबूनही उपयोग झाला नाही; घडी भिजली, शर्ट भिजला, कोमट ओल पोटापर्यंत उतरली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटकेचं. मूल आहे. तिथं मूल आहे. मीच वेडी. आता जाऊन दोन अक्षरं लिहायची, घरी जायचं. मूल रडत होतं. कुणी उचलत का नाहीये त्याला? टाहो ओसरला, आणि शेवटी एक छोटी उचकी. उचला ना. पुन्हा कुरकुर, चढता हुंदका, पोकळी, टाहो. उचकी. कुठलंही मूल दोनदा तसंच रडत नाही. आठ महिने तिनं दुसरं काही ऐकलंच नव्हतं; प्रत्येक रडणं आधीच्याहून वाईट किंवा थकलेलं असतं, तसंच कधीच नसतं. तिसऱ्यांदा. कुरकुर. हुंदका. पोकळी. टाहो. उचकी, जिथल्या तिथं. कुणीतरी दुसऱ्या फोनवर रडणं लावून ठेवलं होतं. तिचा ओला शर्ट गार पडायला लागला. तिच्या दुधाला ते कळलं नव्हतं. दुधानं विश्वास ठेवला होता, जसा तिनं गेल्या वर्षी फडताळावर ठेवला होता. चौथ्यांदा रडणं सुरू झालं आणि त्याच्या मागं, अगदी जवळ, वाफेचा लांब फुत्कार ऐकू आला, मग आणखी एक. आणि मग एका बाईचा आवाज, दबका, रडकुंडीला आलेला.

"बंद करा हो ते, साहेब. पाया पडते. पान्हा फुटतोय मला."

रडणं खटकन थांबलं. मग एक पुरुषी, अतिशय हलक्या आवाजातला शब्द, जो तिला नीट कळला नाही आणि कळला. मग मॅनेजर, थेट फोनवर, धापा टाकत. "मॅडम? आहात ना? ती आमची एक बाई, आली होती आपल्या बाळाला बघायला. जरा भावनिक आहे. ऐकलंत ना, मुलं आहेत. समाधान झालं?"

कोण ती? तिचं मूल कुठं आहे? ओठावर आलेलं होतं. त्या बाईला द्या फोन, असं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. आणि तिनं ते मिटलं. जिभेवर दात रोवून मिटलं. तिच्या तोंडून निघालेलं सगळं तिकडे जाऊन हुकूम व्हायचं. खेळणी म्हटलं की खेळणी, लंगोट म्हटलं की तीस लंगोट. 'कोण ती' म्हटलं की तीनशे बायांतून ती शोधली जाईल, शर्ट पुढून ओला असलेली, फार शोधावं लागणार नाही. निवेदनात 'ऐकलं' असं लिहिलं, तरी शोधली जाईल. एवढा लखलखीत पुरावा तिच्या कानात होता आणि तो वापरला की त्या बाईचा घात होता.

"हो," ती म्हणाली. "झालं."

"मग 'आहे' ना मॅडम?"

"कळवते."

हातात काहीच उरलं नव्हतं, एक गोष्ट सोडून. त्या गोष्टीनं कुणाचंही नाव सांगितलं नसतं, तिच्या स्वतःच्या नावाखेरीज. टेबलाशी येईपर्यंत शर्टावरची ओल सगळ्यांना दिसली. शेजारच्यानं कपात तोंड घातलं, वकिलांनी चष्मा काढून उगाच पुसला. तिनं पिशवी पुढं धरली नाही. बसली. बाविसावा मुद्दा. पहिल्या रकान्यात तिनं लिहिलं: नाही. दुसऱ्या रकान्यात, पुरावा: फोटो क्रमांक सहा व सात, आणि त्या दोहोंच्या मधलं माझं पत्र. पत्र जोडलं. मग त्याखाली, जागा नव्हती तरी अक्षरं बारीक करून: 'खोली इस्त्रीची आहे. फोटोतली मांडणी माझ्या सूचनेवरून केलेली आहे. मी तिथे खेळणी मागितली; मुले कुठे आहेत हे विचारले नाही. कारखाना सोडू नये. मुले कुठे आहेत ते आधी जाऊन पाहावे, न कळवता.' मग ती क्षणभर थांबली, कंपनीच्या स्वतःच्या पानावर गेली, आणि मातांच्या खोलीपुढचं 'आहे' खोडून तिथं लिहिलं: पाटी आहे.

सही केली. चार वाजून बावन्न मिनिटं.

बाईंनी दारातच कागद घेतले. उभ्या उभ्या बाविसावी ओळ वाचली, पत्र उलटून पाहिलं, पुन्हा ओळ वाचली. त्यांची नजर कागदावरून तिच्या शर्टाकडे गेली आणि तिथंच राहिली, बराच वेळ, जणू तिथंही काही लिहिलं होतं. खाली त्यांच्या सहीची जागा कोरी होती. "हे पत्र कुणाला कळलं नसतं," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज बसलेला होता. मागं वकिलांची खुर्ची करकरली. "आता कळलंय," ते म्हणाले, "सही करा बाई. आता न करणं जास्त महागात पडेल."

तिच्या हातातला फोन थरथरला. काकूंचा फोटो. निळं झबलं, उघडे डोळे, तोंडात फडक्याचं टोक. तिनं तो पाहिला, नीट पाहिला, आणि मग फोन बंद करून खिशात घातला. पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज तिला पाठीमागून आला. पण कागदावर टोक टेकल्याचा येईपर्यंत ती तिथंच उभी राहिली, मान किंचित कलती करून, अंधारातला श्वास ऐकावा तशी.